पिशवी काढली की त्रास जातो का?

चाळिशीच्या पुढे-मागे असलेल्या बायकांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. ‘मुलंबाळं झाली ना? मग काय करायची ती पिशवी? काढून टाक आणि सुट एकदाची.’ सल्ला देणारी बहीण, जाऊ किंवा शेजारीण मायेनंच बोलत असते. ऐकणारीही दर महिन्याचे आठ-दहा दिवस इतकी पिचलेली असते की तिला तो पटतो. पाळीआधी येणारा राग, रडू, जीव नकोसा होणं आणि पाळी जायच्या वयातला गोंधळ यांतून शस्त्रक्रियेनं खरोखर सुटका होते का? काही जणींची होते, पण त्या शस्त्रक्रियेत नेमकं काय काढलं यावर ते अवलंबून असतं.

कुठला त्रास म्हणायचा?

पाळीआधी थोडी चिडचिड, छाती जड होणं, पोट फुगणं हे बहुतेकींना होतं. त्याच्या पलीकडे एक गंभीर आजार आहे. त्याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर’ म्हणतात, थोडक्यात पीएमडीडी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिलं. पाळी येणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण तीन ते आठ जणींना तो असतो, असं मानलं जातं. टोकाचं नैराश्य, धडकी, अनावर संताप, आपल्याच माणसांवर तुटून पडणं आणि कधी मरणाचे विचार. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत मळभ सरतं आणि बाई पुन्हा पहिल्यासारखी होते. म्हणूनच घरच्यांना ते ‘नाटक’ वाटतं. ते नाटक नव्हे.

पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत हाच त्रास वाढू शकतो. आपल्याकडे पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. त्यामुळे चाळिशीच्या उंबरठ्यावरच इस्ट्रोजेनचे चढ-उतार बेभरवशाचे होतात. अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घामानं उशी भिजणं, झोप उडणं, लक्षात न राहणं हे सुरू होतं. ज्यांना आधीपासून पाळीआधीचा त्रास आहे त्यांना हा काळ जास्त जड जातो.

मूळ कुठे आहे?

गर्भपिशवी मूड घडवत नाही. दर महिन्याला बीज सुटतं ते अंडाशयातून, आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन व इस्ट्रोजेनचे जे चढ-उतार होतात तेही अंडाशयातच. पिशवी त्या संप्रेरकांना प्रतिसाद देते, अस्तर वाढवते, टाकते. आपल्याला दिसतं ते रक्त, म्हणून दोष पिशवीवर येतो.

आणखी एक गोष्ट अनेक डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत: पीएमडीडी असलेल्या बाईच्या रक्तात संप्रेरकांचं प्रमाण बहुधा इतरांसारखंच असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांचा १९९८ मधला प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी इंजेक्शन देऊन अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवलं, तेव्हा त्रास असलेल्या अनेक जणींना बरं वाटलं. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिलं तर त्रास परतला. ज्यांना मुळात असा त्रास नव्हता, त्यांना तीच औषधं देऊनही काही झालं नाही. म्हणजे संप्रेरकं सगळ्यांची सारखी असली तरी काही जणींचा मेंदू त्यांच्या बदलाला फार हळवा असतो. याच गटानं २०१७ मध्ये दाखवलं की तोच डोस रोज एकसारखा चालू ठेवला तर सुरुवातीचे काही आठवडे गेल्यावर त्रास ओसरतो. मेंदूला चढ-उतार सोसत नाहीत, स्थिर पातळी सोसते.

नुसती पिशवी काढली तर

पिशवी काढून अंडाशयं ठेवली तर पाळी बंद होते आणि अंगावरून जाणं थांबतं. अंडाशयं मात्र आपलं चक्र चालूच ठेवतात. राग येतो, रडू येतं, पुढच्या आठवड्यात मोकळं वाटतं. फरक इतकाच की आता कालनिर्णयवर खूण करायला तारीखच उरत नाही. ‘हे माझं महिन्याचं दुखणं आहे’ हे ओळखायचा एकमेव धागा हातातून जातो. मग तिच्यावर ‘कायमची चिडकी’ असा शिक्का बसतो, आणि शस्त्रक्रिया करूनही काही फायदा नाही म्हणजे दोष तिच्याच स्वभावात, असं घरात ठरून जातं. हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. शिवाय अंडाशयं ठेवली तरी पिशवी काढल्यावर त्यांचं काम काही वर्षं लवकर संपू शकतं.

रक्तस्राव फार होत असेल, गाठी असतील, अॅडेनोमायोसिस (पिशवीचं अस्तर तिच्या स्नायूत शिरणं) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, हार्मोनची ‘मिरेना’ कॉपर-टीसारखी बसवणं, अस्तराची तपासणी हे करून पाहूनही उपयोग झाला नाही तर पिशवी काढणं हा योग्य उपाय असू शकतो. फक्त मिरेनातलं हार्मोन काही जणींचा मूड बिघडवतं, हे सांगून ठेवलेलं बरं.

आधी वही

निदानासाठी रक्ततपासणी लागत नाही, लागते ती वही. किमान दोन महिने, रोज रात्री, दोन ओळी. स्मरणावर विसंबून चालत नाही, कारण वाईट दिवसांची आठवण बाकीच्या दिवसांवर पसरते.

समजा, एका वहीत असं लिहिलेलं आहे: ‘दिवस १२: ठीक. दिवस २०: झोप नाही. दिवस २३: दूध उतू गेलं म्हणून मुलीवर ओरडले, नंतर न्हाणीघरात रडले. दिवस २६: वाटलं, मी नसलेलीच बरी. दिवस २८: पाळी आली. दिवस २: भाकऱ्या करताना गाणं गुणगुणत होते.’ अशी दोन महिन्यांची पानं डॉक्टरांसमोर ठेवली की वाद उरत नाही. उलट, महिनाभर सारखंच उदास वाटत असेल तर ते नैराश्य असू शकतं, पाळीआधी वाढणारं. त्याचा इलाज वेगळा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी मात्र करून घ्यावी. कमी रक्त आणि मंद थायरॉइड हीसुद्धा माणसाला असंच थकवतात. पंचेचाळिशीच्या पुढे एफएसएच या संप्रेरकाच्या तपासणीवर फार पैसे घालवू नयेत. त्या वयात तो आकडा आठवड्यागणिक बदलतो.

‘दिवस २६’ची ओळ स्वतःच्या वहीत दिसली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शस्त्रक्रियेआधीच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे एसएसआरआय गटातली औषधं: सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम. नैराश्यात त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. पीएमडीडीमध्ये काही दिवसांतच फरक दिसतो, म्हणून ती फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांतही घेता येतात. ‘मानसोपचाराची गोळी’ म्हणून घाबरून अनेक जणी ती टाळतात, आणि त्याच बाईला पोट कापून घेणं मात्र कमी भीतीचं वाटतं. हे मला फार खटकतं.

दुसरी पायरी म्हणजे बीज सुटणं थांबवणारी ड्रोस्पिरेनोनयुक्त गोळी, किंवा त्वचेवाटे जाणारं इस्ट्रोजेन. पस्तिशीपुढच्या आणि सिगारेट किंवा विडी ओढणाऱ्या, रक्तदाब असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चकाकी (ऑरा) येणारा मायग्रेन असलेल्या बाईला संयुक्त गोळी धोक्याची ठरू शकते, त्यामुळे ती परस्पर दुकानातून आणू नये. जोडीला समुपदेशन आणि वर्तनोपचार. पाळी जाण्याच्या काळात गरम वाफा व झोप यांसाठी हार्मोन थेरपी चांगला परिणाम करते. २००२ मधल्या अमेरिकी अभ्यासानंतर तिची जी धास्ती बसली, ती साठीपेक्षा कमी वयाच्या निरोगी बायकांच्या बाबतीत तज्ज्ञांनी नंतर बरीच सौम्य केली आहे.

इंजेक्शनची रंगीत तालीम

हे सगळं करूनही दिवस वाया जात असतील तर शस्त्रक्रियेचा विचार येतो. पण त्याआधी एक पायरी गाळता येत नाही. ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिनसारखं इंजेक्शन दर महिन्याला देऊन अंडाशयं काही काळ झोपवतात. हा तात्पुरता पाळीबंद, आणि तो मागे घेता येतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्रास वाढू शकतो, हे आधी माहीत असावं, नाहीतर घाबरून पहिल्याच महिन्यात ते सोडलं जातं. पुढचे तीन-चार महिने वही चालू ठेवायची. मळभ हटलं तर अंडाशयं काढल्यावर काय वाटेल याची ती रंगीत तालीम झाली. हटलं नाही, तर शस्त्रक्रियेनंही हटणार नाही, आणि एक मोठं ऑपरेशन वाचलं.

दुसऱ्या टप्प्यात याच इंजेक्शनसोबत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन थोड्या, स्थिर प्रमाणात देऊन पाहतात. कारण इंजेक्शन एकटंच सहा महिन्यांपेक्षा जास्त चालवलं तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. शस्त्रक्रियेनंतर जी संप्रेरकं वर्षानुवर्षं घ्यावी लागणार, ती सोसतात का, याची परीक्षाही इथेच होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या मार्गदर्शक सूचनाही शस्त्रक्रियेआधी अशी चाचणी घ्यायला सांगतात.

मग पिशवीच का काढायची?

अंडाशयं हा मुद्दा असेल तर नुसती तीच काढावीत, पिशवी राहू द्यावी, असं वाटेल. अडचण पुढे आहे. अंडाशयं काढल्यावर इस्ट्रोजेन द्यावंच लागतं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर तिचं अस्तर वाढत जातं, कर्करोगाचा धोका येतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन घ्यावं लागतं. आणि नेमकं प्रोजेस्टेरॉनच अनेकींना सोसत नाही. ज्याच्यापासून पळायचं होतं तेच गोळीतून घरात येतं. पिशवीही काढली की नुसत्या इस्ट्रोजेनवर भागतं. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं एकदम काढण्यामागचं कारण हे आहे. ज्यांच्यावर बाकी सगळं करून झालं आणि इंजेक्शनचा गुण आला, त्यांतल्या बहुतेकींना या शस्त्रक्रियेनं आयुष्य परत मिळतं. अशा बाईला ‘अजून थोडं सहन कर’ असं सांगणंही चूकच.

अंडाशयांची किंमत

१८७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या सर्जननं पाळीच्या दिवसांतल्या त्रासासाठी धडधाकट अंडाशयं काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढची काही दशकं ती ‘वेडा’वरचा इलाज म्हणून अनेक बायकांवर झाली, कित्येकदा त्यांचं मत न विचारता. इतिहास माहीत असलेलं बरं, कारण अंडाशयं काढणं ही परत न फिरणारी गोष्ट आहे. मूल होणं थांबतं. जी पाळी हळूहळू जायची होती ती एका सकाळी जाते. पंचेचाळिशीच्या आत असं झालं आणि इस्ट्रोजेन दिलं नाही, तर हृदयविकार, ठिसूळ हाडं आणि स्मृतीच्या तक्रारी वाढतात, असं अनेक वर्षांच्या पाहण्यांत दिसलं आहे. म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेणं हा शस्त्रक्रियेचाच भाग समजावा. योनीत कोरडेपणा, इच्छा कमी होणं यांवर उपाय आहेत. लाजून गप्प बसू नये.

बीडनं दाखवलेलं दुसरं टोक

महाराष्ट्रात हा विषय एका भयंकर पार्श्वभूमीवर बोलावा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांविषयी राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहायच्या, शौचालय नाही, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. अनेक जणींना अंडाशयं राहिली की गेली हेही माहीत नसतं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय काढण्याबाबतच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला.

एकीकडे गरज नसताना ढकललेल्या बायका, दुसरीकडे खरी गरज असूनही ‘तुझं डोकं फिरलंय’ म्हणून परत पाठवलेल्या बायका. दोघींनाही सारखंच नाकारलं जातं: पुरेशी माहिती आणि वेळ.

सही करण्याआधी

संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. डॉक्टरांना विचारा: पिशवी काढणार की अंडाशयंही, आणि का? इंजेक्शनची चाचणी झाली का? शस्त्रक्रिया दुर्बिणीतून की पोट उघडून? मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा होण्याची शक्यता किती? शस्त्रक्रियेनंतर कोणतं हार्मोन, किती वर्षं, आणि स्तनाच्या कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल तर काय? दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या, शक्य असल्यास मानसोपचारतज्ज्ञाचंही. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

साधारण सहा आठवडे जड उचलणं नको; हंडा, सिलिंडर, गव्हाचं पोतं यांना हात लावायचा नाही, आणि हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवायचं. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही अंडाशयं काढली की ठेवली हे स्पष्ट लिहून घ्या आणि ते कार्ड रेशनकार्डासोबत जपून ठेवा. दहा वर्षांनी हाडांची घनता तपासताना नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल.