बूरेनकोलची पीठ पेरून भाजी

थंडी सुरू झाली की नेदरलँड्समधल्या सुपरमार्केटांत बारीक चिरलेल्या, गडद हिरव्या पाल्याच्या फुगीर पिशव्या दिसू लागतात. हा बूरेनकोल, म्हणजेच केल. डच माणूस तो बटाट्याबरोबर शिजवून घोटतो, शेजारी धुरावलेलं सॉसेज ठेवतो आणि त्यावर हिवाळा काढतो. आम्स्टेलफेनसारख्या गावात नव्यानं बिऱ्हाड केलेल्या मराठी घरात हीच पिशवी पहिल्यांदा येते तेव्हा तिची गत बहुधा पालकासारखी होते: तेल, मोहरी, लसूण, मिरची, भाजी, चार मिनिटं. मग सगळे जण मुकाट्यानं चघळत बसतात.

केल हा कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल यांचा सख्खा भाऊ. वनस्पतिशास्त्राच्या लेखी चौघांची जात एकच. त्याच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. नळाखाली धरलं तर थेंब घरंगळून जातात, पान कोरडं ते कोरडंच. पालक, माठ, चाकवत स्वतःच्या पाण्यात शिजतात. केलला पाणी द्यावं लागतं. सरावलेला हात म्हणून पिशवीच्या वाटेला जात नाही, कारण तिच्यात जाड देठांचे तुकडे असतात. अख्खी पानं आणायची, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पान ओरबाडून काढायचं आणि कोबीपेक्षाही बारीक चिरायचं. फोडणीत भिजवलेली हरभरा डाळ, वर भाजी, अर्धी वाटी पाणी, झाकण. पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. मीठ शेवटी घातलेलं बरं. पालक आळून मूठभर होतो, केल तितका आळत नाही, त्यामुळे सुरुवातीला अंदाज चुकतो.

पीठ पेरायचं असेल तर आणखी एक खुबी आहे. मेथीच्या किंवा कांद्याच्या पातीच्या भाजीत बेसन भुरभुरलं की भाजीच्या ओलीवर ते फुलतं. केलमध्ये ती ओल नसते. पीठ कोरडं राहतं, कच्चं लागतं. तेव्हा पीठ पेरल्यावर पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा झाकण ठेवायचं आणि कडेनं चमचाभर तेल सोडायचं. अशी भाजी भाकरीबरोबर झकास लागते. कडाक्याची थंडी पडून गेल्यावरचा केल तर चक्क गोडसर असतो, कारण गारठ्यात हे झाड पानांत साखर साठवतं.

परदेशात पालेभाजी करणारे दोन प्रकारचे असतात. एक जण मेथीची जुडी शोधत तासभर ट्रामनं हिंडतो. दुसरा समोर आलेलं पान कढईत कसं वागेल ते बघतो: पाणी सोडेल का, आंबट आहे का, बुळबुळीत होईल का, किती वेळ घेईल. जेवणाच्या वेळी दुसऱ्याच्या घरी जावं.

अर्थात काही पानं ओळखीचीच निघतात. शेपू युरोपात माशाबरोबर आणि काकडीवर कच्चा खातात, म्हणून सुपरमार्केटात तो औषधासारखा चिमूटभर मिळतो. तुर्की दुकानात मात्र चांगली घसघशीत जुडी असते. तिथला शेपू आपल्यापेक्षा नाजूक. मुगाची डाळ आधी अर्धीकच्ची शिजवून घेतली नाही, तर डाळ होईपर्यंत भाजीचा लगदा होतो. त्याच दुकानात उन्हाळ्यात लालसर, जाड देठांची घोळ सापडते. डच लोक तिला पोस्तेलाइन म्हणतात. त्यांच्याकडेही ती जुनी भाजी, आता मागे पडलेली. तुर्की घरांत तिच्यावर दही-लसूण घालतात. मराठी घरात ती ताकातली होते. ताकाला बेसन लावून घ्यायचं आणि ते भाजी शिजल्यावरच घालायचं. आंबटपणात पालेभाजी लवकर मऊ होत नाही आणि हिरवा रंगही मळकट होतो, मग ते ताक असो की चिंच.

मेथीला खिडकी पुरते. भारतीय वाणसामानाच्या दुकानातले दाणे रात्रभर भिजवून उथळ ट्रेमध्ये दाट पेरले, की आठ-दहा दिवसांत पांढऱ्या देठांची, इवल्या पानांची मेथी उभी राहते. ही तर मुंबईच्या बाजारात चिमुकल्या जुड्यांनी मिळणारी, रेताड जमिनीतली समुद्रमेथी! मुळं कापायची, बाकी देठासकट चिरायची.

एप्रिलच्या सुमारास सलगमाची कोवळी पानं राप्स्तेलन या नावानं येतात. त्यांचं काम मुळ्याच्या पाल्यासारखंच चालतं. बाजारात मुळ्याची किंवा बिटाची जुडी घेताना विक्रेता पाला कापून टाकू का, असं सौजन्यानं विचारतो. मराठी गिऱ्हाईक दचकतं. रुबार्बचं पान मात्र कितीही मोठं आणि देखणं असलं तरी फेकूनच द्यायचं, ते विषारी असतं. त्याचे आंबट देठ तेवढे डाळीत घालावेत. रुबार्ब हे चुक्याच्याच कुळातलं.

अळूवडीसाठी बरीच मंडळी स्विस चार्ड वापरतात. खाज नाही, आकार मोठा. पण ही बिटाची बहीण. तिची पानं मुळातच खारट, म्हणून पिठात मीठ हात राखून. शीर लाटण्यानं चेपली नाही तर गुंडाळी फाटते, आणि उकडल्यावर पूर्ण गार होईस्तोवर सुरी लावायची नाही.

अळूच्या अधिक जवळ जायचं तर द हेगच्या बाजारात जावं. हा मोठा उघड्यावरचा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. इथल्या पालेभाज्यांमागे एक लांबचा प्रवास आहे. १८७३ साली ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन सुरीनामला पोहोचलं. त्यामागून आलेल्या जहाजांनी मुख्यतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली माणसं नेली. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्समध्ये आले आणि त्यातले पुष्कळ हेगमध्ये स्थिरावले. म्हणून इथं हातभर चवळीच्या शेंगा मिळतात, ‘क्लारून’ म्हणून माठाची भाजी मिळते आणि ‘तायर’ची पानंही.

तायर आपलं अळू नव्हे, पण त्याच कुळातलं. फदफदं उत्तम होतं. हाताला तेल लावून पानं चिरायची, हरभरा डाळ आणि शेंगदाण्यांबरोबर कुकरला लावायची, घोटून मग चिंच-गूळ, गोडा मसाला, फोडणी. वाढण्याआधी अर्धा चमचा गार करून चाखायचं. घसा खवखवला तर आणखी दोन शिट्ट्या.