‘रक्त पातळ करणारी’ गोळी

पक्षाघाताचा झटका पुन्हा येऊ नये म्हणून दिलेल्या अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलला आपण सर्रास ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो. प्रत्यक्षात या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. रक्तातल्या बिंबिका (गुठळीची सुरुवात करणाऱ्या सूक्ष्म पेशी) एकमेकींना चिकटण्याचे प्रमाण तेवढे कमी होते. तिळाच्या लाडवाचा पाक कच्चा राहिला तर तीळ तेवढेच असतात, पण लाडू वळत नाही. तसेच हे.

‘पातळ’ या शब्दामुळेच घोटाळा होतो. दाढ काढायची ठरली की घरचे म्हणतात, ‘आठवडाभर गोळी बंद ठेवा, बाबा.’ बिंबिकेचे आयुष्य 7 ते 10 दिवसांचे असते. गोळी थांबली की रोज नव्या, चिकटणाऱ्या बिंबिका रक्तात येत राहतात आणि झटक्याचा धोका परततो. दाढेचे रक्त बहुधा कापसाचा बोळा दाबून धरल्याने थांबते. मेंदूतली गुठळी तशी आवरत नाही. म्हणून दंतवैद्याला गोळीचे नाव आधीच सांगावे आणि ती बंद करायची की नाही, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर आणू नये. जठरातून रक्तस्राव होण्याची भीती वाढते. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा अचानक तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे.