स्क्रूवरची लाल रेघ

ओझरला माझ्या मित्राकडे परवान्याची जुनी ईशापुरी रायफल आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिची शिकार संपली. उरला रेंजवरचा सराव. पण अलीकडे गोळ्या कधी डावीकडे, कधी वर. बहुतेक दुर्बिणींत चकतीच्या एका टिचकीने शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकतो. टिचक्या मोजून आम्ही दमलो. निदान झाले : दुर्बीण बाद!

शेजारचे फिटर इथल्याच, १९६४ साली स्थापन झालेल्या मिग कारखान्यातून निवृत्त झालेले. रायफल रिकामी असल्याची त्यांनी आधी खात्री केली. काचेकडे पाहिलेही नाही. थेट बैठकीचे स्क्रू तपासले. दोन सैल, खाली जुने तेल. पुसून ते सारखे आवळले आणि स्क्रूवरून पोलादावर लाल रेघ ओढली. ‘‘रेघ तुटली, की स्क्रू फिरला समजा, साहेब. विमानातही हेच करायचो.’’

मला बँकेतली एक संध्याकाळ आठवली. रोकड जुळेना, तेव्हा मी कॅशियरवर संशय घेतला होता. चूक निघाली माझ्याच बेरजेत. माफी मात्र राहूनच गेली.

रविवारी गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसल्या. घरी येऊन मी त्या कॅशियरला पत्र लिहायला घेतले.