आगुंबे आणि अरसाळू : पडद्यावरचे मालगुडी

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्याच्या टोकाला आणि सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आगुंबे हे लहानसे गाव वसले आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर आहे. गावाच्या पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि चौदा वळणांचा घाट खाली उडुपी जिल्ह्यातल्या सोमेश्वरला उतरतो. भारतभरच्या प्रेक्षकांना मात्र हे गाव दुसऱ्याच नावाने परिचित आहे. १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘मालगुडी डेज’ या मालिकेतले मालगुडी ते हेच. स्वामी नावाचा शाळकरी मुलगा धोतर नेसलेल्या मास्तरांना चुकवत ज्या गल्ल्यांतून पळाला, त्या गल्ल्या आगुंब्याच्या आहेत.

मालगुडी हे गाव नकाशावर कधीच नव्हते. आर. के. नारायण यांनी ते कल्पनेतून वसवले. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही त्यांची पहिली कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. तीत शरयू नदी आली, आल्बर्ट मिशन शाळा आली आणि रेल्वे स्टेशनही आले. पुढच्या कथा-कादंबऱ्यांतून नारायण त्याच गावात नवनवी माणसे आणत राहिले. मालिका करताना दिग्दर्शकापुढचा पहिला प्रश्न असा होता, की नसलेले गाव दाखवायचे कुठे? मुंबई किंवा मद्रासच्या स्टुडिओत पुठ्ठ्याचे घर आणि रंगवलेले आभाळ उभारणे सहज शक्य होते, आणि त्या काळच्या बऱ्याच मालिकांनी तेच केले. दिग्दर्शक शंकर नाग यांनी आगुंबे निवडले. या मालिकेचे निम्मे यश त्या निवडीत आहे.

शंकर नाग यांचे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. ऐन तारुण्यात ते मुंबईत होते आणि तिथल्या मराठी रंगभूमीवर वावरले. चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या गाजलेल्या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात त्यांचा हात होता. कन्नड पडद्यावर त्यांना पहिली मोठी संधी गिरीश कर्नाड यांनी ‘ओंदानोंदु कालदल्ली’मध्ये दिली. आठ वर्षांनी फासे उलटले. नाग दिग्दर्शक झाले आणि स्वामीच्या करड्या वडिलांच्या भूमिकेत त्यांनी कर्नाडांना उभे केले. स्वामी झाला होता मास्टर मंजुनाथ. थोरले बंधू अनंत नाग यांनी मिठाई विकणाऱ्या जगनची भूमिका केली. निर्मिती टी. एस. नरसिंहन यांची होती, संगीत एल. वैद्यनाथन यांचे होते. शीर्षकांतली रेखाचित्रे आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे लेखकाच्या सख्ख्या धाकट्या भावाची. शंकर नागांच्या कारकिर्दीत हिंदीत ३९ भाग झाले. पहिले तेरा इंग्रजीतही केले गेले. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात नाग गेले, तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. २००६ साली कविता लंकेश यांनी दिग्दर्शित केलेले आणखी पंधरा भाग आले, पण लोकांच्या मनातले मालगुडी पहिलेच राहिले.

आगुंब्यात आज सर्वात आधी विचारले जाते ते ‘दोड्ड मने’ म्हणजे मोठे घर. मालिकेत स्वामीचे घर म्हणून दिसते ते हेच. शंभराहून अधिक वर्षांचे हे लाकडी, कौलारू घर मराठी माणसाला चौसोपी वाड्यासारखे वाटेल. मधोमध उघडा चौक, चहूबाजूंनी सोपे, काळेभोर कोरीव खांब आणि वर माळे. पावसाळ्यात चारही पाखांचे पाणी चौकात कोसळते आणि घरातली माणसे सोप्यातून कोरडी ये-जा करतात. मालिकेत या घरातली बरीच दृश्ये दिवसाउजेडी, चौकातून येणाऱ्या प्रकाशात दिसतात, आणि तो मऊ, किंचित हिरवट उजेड सेटवर सहसा मिळत नाही. घराण्यातले लोक अजून इथे राहतात. वाटसरूला जेवूखाऊ घालण्याची त्यांची जुनी रीत आहे आणि पाहुण्यांची राहण्याची सोयही होते. तरीही हे संग्रहालय नव्हे, नांदते घर आहे. तिथे कॅमेरा रोखत आत शिरू नये, आधी विचारावे.

घराबाहेर मालगुडी शोधणाऱ्याची थोडी निराशा होते, हे सांगितलेले बरे. मालिकेसाठी गावातल्या रस्त्यांना कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी जुन्या काळाचे रूप दिले होते. सर फ्रेडरिक लॉली यांचा पुतळा हे त्यांचेच काम. गोऱ्या साहेबाचा पुतळा हटवण्यावरून गावात उडालेल्या गोंधळाची ती कथा अनेकांना आठवत असेल. आता रस्त्यावर मोटारी आहेत, विजेच्या तारा आहेत, मोबाइलच्या जाहिराती आहेत. लाल माती, कौले आणि गल्लीच्या टोकाला अचानक सुरू होणारे जंगल मात्र तेच आहे.

ते जंगल मालिकेपेक्षाही मोठे आकर्षण ठरावे. आगुंब्याचा वार्षिक पाऊस सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या घरात आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावाकडे वर्षाकाठी आठ-नऊशे मिलिमीटर पडला तर साल बरे गेले म्हणतात. म्हणजे तिकडची आठ-नऊ वर्षे इथे एका पावसाळ्यात रिती होतात. ‘दक्षिणेची चेरापुंजी’ ही पदवी गावाला त्यातूनच मिळाली. नागराजाच्या वास्तव्यासाठीही हे रान प्रसिद्ध आहे. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली इथे वर्षावन संशोधन केंद्र सुरू केले. नागराजाच्या अंगात रेडिओ प्रेषक बसवून त्याच्या हालचालींचा मागोवा घेण्याचे काम या केंद्राने केले. गावाजवळच्या सूर्यास्त स्थळावरून, आभाळ निरभ्र असेल तर, अरबी समुद्राची कड दिसते. पावसाळ्यात तिथे धुक्याखेरीज काही दिसत नाही आणि पायवाटांवर जळवा असतात.

मालगुडीचे रेल्वे स्टेशन आगुंब्यात नाही, कारण आगुंब्याला रेल्वेच नाही. ती दृश्ये अरसाळू येथे घेतली गेली. शिवमोग्गा–तालगुप्पा मार्गावरचे हे लहानसे स्टेशन मालिकेच्या काळात मीटरगेजवर होते. ब्रॉडगेज झाल्यावर नवी इमारत आली आणि जुनी पडून राहिली. दक्षिण-पश्चिम रेल्वेने ती दुरुस्त करून २०२० साली ‘मालगुडी संग्रहालय’ उघडले. काम पुन्हा जॉन देवराज यांच्याकडेच सोपवले गेले, हे विशेष. आत मालिकेतली पात्रे, प्रसंग आणि वस्तू मांडल्या आहेत, आवारात मीटरगेजचा एक जुना डबा चहाघर म्हणून ठेवला आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी खरे तर अरसाळूपासून सुरुवात करावी. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनाही तिथे काहीतरी हाती लागते. आगुंब्याचे घर ज्याला स्वामी आठवतो त्याच्याशीच बोलते.

मराठवाड्यातून निघणाऱ्याला नांदेडहून बंगळूरला थेट रेल्वे आहे. तिथून शिवमोग्ग्याच्या गाड्या मिळतात. मुंबई-कोकणाकडून येणाऱ्याने कोकण रेल्वेने उडुपी गाठावे. तिथून घाट चढून सुमारे ५५ किलोमीटरवर आगुंबे आहे. शिवमोग्ग्याहून तीर्थहळ्ळीमार्गे अंतर साधारण ९० किलोमीटर पडते. अरसाळू आणि आगुंबे यांच्यात दीड-दोन तासांचा रस्ता आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणे एका दिवसात कोंबू नयेत. वाटेत कुप्पळ्ळीला कन्नड महाकवी कुवेंपू यांचे घर पाहता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सोयीचा. पाऊसच पाहायचा असेल तर जुलैत जावे, पण घाटातल्या वाहतुकीची चौकशी निघण्यापूर्वी करावी, कारण अतिवृष्टीत अवजड वाहनांना तिथे बंदी घातली जाते.