‘शिकाऊ’ सर्जनची भीती आणि गुदाशयाची शस्त्रक्रिया

गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर एखाद्या कुटुंबाला मोठ्या शिक्षण-रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला, की सोलापुरात हमखास एक प्रश्न येतो : ‘‘डॉक्टरसाहेब, तिथे शिकाऊ मुले आमच्या वडिलांवर हात साफ करून घेणार नाहीत ना?’’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणूनच अशा रुग्णालयात ‘फेलो’ म्हणून वावरणारा तरुण सर्जन नेमका कोण असतो, हे ज्येष्ठ वाचकांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सांगणे अगत्याचे वाटते.

साडेचार वर्षांचा एमबीबीएस अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता आणि तीन वर्षांचे एमएस, एवढे झाले की माणूस जनरल सर्जन होतो. अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध यांच्या शस्त्रक्रिया तो स्वतंत्रपणे करू शकतो. काहीजण पुढे आणखी तीन वर्षे एमसीएच करतात. फेलो हा यांच्यापैकीच एक. स्वतःचे रुग्णालय थाटण्याची पात्रता असतानाही केवळ मोठे आतडे, गुदाशय आणि गुदद्वार एवढ्याच भागाचे काम शिकण्यासाठी तो एक-दोन वर्षे पुन्हा वरिष्ठांच्या हाताखाली राहतो. कसबी विणकर नवी नक्षी शिकू लागला म्हणून आपण त्याला नवशिका म्हणत नाही.

एवढ्याशा भागासाठी वेगळे शिक्षण कशाला, असेही विचारले जाते. भगंदर आणि अर्श यांचे विवेचन सुश्रुतसंहितेत आहे; म्हणजे हा भाग वैद्यांना पूर्वीपासून परिचित होता. परंतु केवळ याच विकारांसाठी आधुनिक रुग्णालय निघाले ते लंडनमध्ये, 1835 साली. फ्रेडरिक सामन या सर्जनने सात खाटांवर सुरू केलेले ते रुग्णालय पुढे सेंट मार्क्स या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्यावर 1841 मध्ये भगंदराची शस्त्रक्रिया याच सामनने केली होती. मोठी माणसेही या दुखण्यातून सुटत नाहीत. फक्त त्याविषयी बोलत नाहीत, इतकेच.

खरी अडचण आहे ती जागेची. गुदाशय सुमारे 12 ते 15 सेंटीमीटर लांबीचा. तो ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद कड्यात, पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या आणि स्त्रियांमध्ये योनिमार्गाच्या मागे वसलेला. लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर नियंत्रण ठेवणाऱ्या बारीक नसा त्याच्या दोन्ही अंगांनी जातात. 1908 मध्ये अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. कर्करोग जाई, पण पोटावरचा मलमार्ग, म्हणजे स्टोमा, कायमचा येई. 1982 मध्ये बिल हील्ड या इंग्लिश सर्जनने दाखवून दिले, की गुदाशय त्याच्या भोवतीच्या चरबीच्या आवरणासह अखंड, नेमक्या थरातून सोडवून काढला तर कर्करोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. गाठीखालचा 5 सेंटीमीटर निरोगी भाग काढलाच पाहिजे, हा जुना नियमही पुढे सैल झाला. 2 सेंटीमीटर आणि काही रुग्णांत 1 सेंटीमीटरही पुरतो. त्यामुळे पूर्वी ज्यांना कायमचा स्टोमा अटळ होता, अशा कित्येकांचे गुदद्वार आज वाचवता येते. मात्र तो थर पुस्तकातील चित्र पाहून सापडत नाही. तो वारंवार, जाणत्या माणसासमोर उलगडावा लागतो. फेलोशिपचे मर्म यातच आहे.

कापण्याइतकेच न कापणेही तेथे शिकवले जाते आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने मला हेच अधिक मोलाचे वाटते. किरणोपचार आणि केमोथेरपीनंतर काही रुग्णांची गाठ पूर्णपणे विरघळते. अशांवर लगेच शस्त्रक्रिया न करता काटेकोर देखरेख ठेवण्याची पद्धत ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी पुढे आणली. दुसरी बाब : ज्या आजोबांना आधीच शौचास धीर धरवत नाही, त्यांचे आतडे अगदी खाली जोडले तर दिवसातून दहा-बारा वेळा संडासकडे धावणे नशिबी येऊ शकते. अशा वेळी ‘गुदद्वार वाचवा’ हा कुटुंबाचा हट्ट रुग्णाच्या हिताचा नसतो. चांगला स्टोमा त्याहून सुखाचा, हे सांगण्याचे धैर्य अनुभवी सर्जनपाशी असते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर मूळव्याध, फिशर, साधे भगंदर यांसाठी कोणी मुंबई गाठू नये. 1963 पासून सुरू असलेले येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शहरातील सर्जन ते काम उत्तम करतात. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू आहे. परंतु गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल, तर परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, या कर्करोगासाठी सर्जनांचे स्वतंत्र पथक असलेल्या ठिकाणचे मत एकदा जरूर घ्यावे. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, मुंबईतील मुक्काम, सुनेची रजा हे सारे जड जाते, याची मला कल्पना आहे. पहिली शस्त्रक्रियाच नीट होणे या आजारात फार महत्त्वाचे, म्हणून हा आग्रह.

पाटीवरची अक्षरे वाचताना मात्र सावध असावे. ‘फेलो’ हा शब्द पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी वापरतात, तसाच काही संस्था सभासदत्वाचा मान म्हणून किंवा छोट्या अभ्यासक्रमानंतरही तो देतात. तेव्हा फेलोशिप कोठे केली, किती महिने केली आणि गुदाशयाच्या किती शस्त्रक्रिया आपण दरवर्षी करता, हे आदराने विचारावे. चांगला सर्जन रागावत नाही. शिक्षण-रुग्णालयात ‘मुख्य टप्प्यावर वरिष्ठ हजर असतील ना?’ हेही विचारायला हरकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर रात्री-अपरात्री वॉर्डात धावून येतो तो बहुधा निवासी डॉक्टर किंवा हा फेलोच. पहिल्या आठवड्यात ताप, नाडीचा वेग वाढणे, पोट फुगणे, म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याला कळवावे. आतड्याचा जोड गळू लागल्याची ती खूण असू शकते.

आणि स्टोमा होण्याची शक्यता असेल, तर त्याची जागा शस्त्रक्रियेच्या आधी पोटावर शाईने आखून घेण्याचा आग्रह धरावा. त्या वेळी रुग्णाने आपले नेहमीचे धोतर किंवा लुगडे नेसून, उभे राहून, बसून आणि वाकून दाखवावे. कासोटा, निऱ्या किंवा पायजम्याची नाडी जिथे येते तिथे पिशवी नीट चिकटत नाही, आणि हे कपडे डॉक्टरांच्या नजरेस एरवी पडतच नाहीत. कारण तोवर रुग्णाच्या अंगावर रुग्णालयाचा झगा चढलेला असतो.