विश्लेषण : माथेरानची मिनी ट्रेन पुन्हा पुन्हा उभी राहते, मग ‘शकुंतला’ का नाही? वेल्समधील छोट्या गाड्या कोणी वाचवल्या?

गुहागर : गुहागर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. गाडी पकडायची तर ४०-४५ किलोमीटरवरचे चिपळूण स्थानक गाठावे लागते. तरीही पावसाळी वेळापत्रक म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पाऊस सुरू झाला की कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग कमी होतो आणि दरड कोसळल्याची बातमी आली की मुंबईहून निघालेल्या नातेवाईकांना फोन सुरू होतात. आता हाच पाऊस आणि हाच सह्याद्री, पण रूळ त्याहून निम्म्यापेक्षा अरुंद आणि चढण कितीतरी तीव्र, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. नेरळ-माथेरान मार्ग तो हाच. ११८ वर्षांहून जुना हा मार्ग गेल्या दोन दशकांत तीनदा दीर्घकाळ बंद पडला आणि तिन्ही वेळा पुन्हा सुरू झाला. महाराष्ट्रातल्या इतर छोट्या गाड्यांच्या नशिबी ते आले नाही. ब्रिटनमधल्या वेल्सने मात्र अशा जवळपास मेलेल्या गाड्या जिवंत करून दाखवल्या. हा फरक का पडतो, ते समजून घेऊया.

नॅरो गेज म्हणजे नेमके काय?

दोन रुळांमधल्या आतल्या अंतराला गेज म्हणतात. कोकण रेल्वे आणि मुंबईची लोकल ज्या ब्रॉडगेजवर धावते, ते अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. माथेरानच्या गाडीचे अंतर आहे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. बार्शी आणि ‘शकुंतला’ अडीच फुटांच्या, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या.

रूळ अरुंद ठेवण्यामागे पैसा होता आणि डोंगरही. डबा लहान असला की वळण आवळून घेता येते. वळण आवळता आले की डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून चढता येते. त्यामुळे बोगदे, पूल आणि भराव कमी लागतात. नेरळहून माथेरानला जाताना गाडी सुमारे २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरच्या आसपास चढते आणि वाटेत बोगदा एकच लागतो. तो इतका छोटा आहे की त्याचे नावच ‘वन किस टनेल’ पडले. काही ठिकाणी चढण १:२० आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर गेलेली असते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालवायचे तर ही चढण खूपच झाली.

माथेरानची गाडी कोणी आणली?

ही रेल्वे सरकारने नव्हे, मुंबईतील उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारली. काम १९०४ मध्ये सुरू झाले, खर्च सुमारे १६ लाख रुपये आला आणि २२ मार्च १९०७ रोजी मार्ग खुला झाला.

सुरुवातीची चार वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची होती. इतक्या तीव्र वळणांवर तीन आसांचे साधे इंजिन अडकते, कारण पुढची आणि मागची चाके सरळ रेषेत जखडलेली असतात. यावर तोडगा म्हणून पहिल्या आणि शेवटच्या आसावर पोकळ नळी बसवली होती. चाके या नळीला जोडलेली असल्यामुळे ती वळणावर थोडी डावी-उजवीकडे सरकत आणि आतला मूळ आस मात्र जागेवर राहून शक्ती पोहोचवत राही. याला क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात. या चौघांपैकी ७३८ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तर ७४० क्रमांकाचे समुद्र ओलांडून ब्रिटनमधल्या हौशी जतनकर्त्यांकडे गेले. आपल्याकडे निवृत्त झालेले इंजिन तिकडच्या लोकांना हवेसे वाटले, यातच पुढच्या गोष्टीचा धागा आहे.

मार्ग बंद का पडतो, आणि दुरुस्त कसा होतो?

२६ जुलै २००५ च्या महापुरात मार्गाचे मोठे नुकसान झाले. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले, म्हणजे नेमके शंभरावे वर्ष. मे २०१६ मध्ये आठवडाभरात दोनदा गाडी घसरली आणि सेवा थांबवण्यात आली. या वेळी पावसाचा दोष नव्हता. प्रश्न ब्रेकचा आणि सुरक्षिततेचा होता. त्यानंतर इंजिन आणि डब्यांना एअर ब्रेक बसवण्यात आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमन लॉज-माथेरान टप्पा आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या पावसाळ्यात, रुळांखालचा भराव अनेक ठिकाणी वाहून गेला. त्यातून पूर्ण मार्ग सावरायला २२ ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली.

माथेरानचा माथा जांभ्याचा आणि खालचा डोंगर काळ्या पाषाणाचा. कोकणात चिऱ्याची खाण पाहिलेल्याला ठाऊक असते की जांभा पाणी पितो. डोंगरात मुरलेले पाणी उतारावरच्या मातीत उतरते, माती जड होते, तिची पकड सुटते आणि ती रुळासकट खाली येते. अरुंद रुळाचा फायदा इथे तोट्यात बदलतो. मार्ग डोंगराला कोरून काढलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो, त्यामुळे बाजूला सरकायला जागाच नसते. यंत्रे नेण्यासाठी समांतर रस्ताही बहुतेक ठिकाणी नाही. खडी, रूळ आणि माणसे, सगळे रुळावरूनच न्यायचे आणि तोच तुटलेला!

म्हणून शेवटच्या दुरुस्तीत फक्त रूळ जोडून भागले नाही. सिमेंटचे स्लीपर टाकले गेले. उताराच्या बाजूला गॅबियन भिंती उभारल्या गेल्या, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत दगड भरून रचलेल्या भिंती. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि दाब वाढला की फुटते. गॅबियनच्या फटींतून पाणी निघून जाते आणि भिंत टिकते. कठड्यांचे कामही झाले. तरी दरवर्षी साधारण जूनच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच असते. पठारावरची अमन लॉज-माथेरान शटल तेवढी चालू राहते.

ही शटल केवळ पर्यटकांची नाही. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे आणि गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून पुढे पाय, घोडा, रिक्षा किंवा ही गाडी. वृद्धांना आणि सामानाला तिचाच आधार.

वेल्समध्ये काय घडले?

वेल्समधल्या छोट्या गाड्यांचा जन्म स्लेट दगडातून झाला. घरांच्या छपरांसाठी लागणारा हा पातळ दगड खाणीतून बंदरापर्यंत न्यायचा होता. फेस्टिनिओग रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप बंदराकडे घरंगळत आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत. तिची लांबीही माथेरानइतकीच, सुमारे २२ किलोमीटर, आणि रूळही जवळपास दोन फुटी. स्लेटचा धंदा बसला आणि १९४६ मध्ये गाडी थांबली.

पण पहिला धडा दिला तो शेजारच्या टॅलिलिन रेल्वेने. मालक सर हेडन जोन्स यांचे १९५० मध्ये निधन झाले आणि ही रेल्वेही भंगारात जाणार असे दिसू लागले. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली, संस्था काढली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन जतन केलेली ही जगातली पहिली रेल्वे मानली जाते. तेव्हा स्लीपर इतके कुजले होते की रूळ जागेवर होते ते गवताच्या मुळांमुळे. मुलांना मोबाइलवर ‘थॉमस द टँक इंजिन’ दाखवणाऱ्यांसाठी एक भर : थॉमसचे लेखक रेव्हरंड ऑड्री इथे स्वयंसेवक गार्ड होते आणि या रेल्वेवरून त्यांनी आपल्या गोष्टींत एक छोटी रेल्वे उभी केली.

फेस्टिनिओगची गोष्ट अधिक चिवट आहे. तिचा वरचा भाग बंदच असताना वीजनिर्मितीसाठी तलाव बांधण्यात आला आणि मार्गाचा एक तुकडा पाण्याखाली गेला. आपल्याकडे धरणात गाव जाते तसा तिथे रूळ गेला. १९५४ मध्ये अ‍ॅलन पेग्लर यांनी कंपनीचा ताबा मिळवल्यावर पुढच्याच वर्षापासून टप्प्याटप्प्याने गाडी सुरू झाली. मात्र बुडालेल्या भागाला वळसा घालण्यासाठी १९६५ पासून स्वयंसेवकांनी फावडी, पहारी आणि सुरुंग घेऊन सुमारे चार किलोमीटरचा नवा मार्ग खोदला. उंची गाठण्यासाठी रूळ स्वतःवरूनच फिरवून गोल चढ बांधला, शिवाय नवा बोगदा. गाडी पूर्वीच्या शेवटच्या स्थानकात पोहोचली ती १९८२ मध्ये! शनिवार-रविवारच्या सुट्टीत येणाऱ्या माणसांनी १७ वर्षे चालवलेला हा उद्योग. आज त्याच रेल्वेच्या बोस्टन लॉज कारखान्यात जुन्या आराखड्यांवरून नवी वाफेची इंजिनेही बनतात. २०२१ मध्ये वेल्सच्या स्लेट प्रदेशाला जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात या दोन्ही रेल्वे आहेत. माथेरानची गाडी अजून युनेस्कोच्या संभाव्य यादीतच आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला मात्र केव्हाच मूळ यादीत गेल्या.

बार्शी आणि ‘शकुंतला’चे काय झाले?

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी वजन प्रत्येक आसावर सारखे वाटून, हलक्या रुळावरून जास्त माल नेता येतो हे दाखवले. याच गृहस्थांनी पुढे वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवले. पंढरपूरच्या वारकऱ्यांना वाहून नेणारी ही रेल्वे पुढे लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले. हे वाईट झाले असे म्हणता येणार नाही. लातूरला थेट मुंबईची गाडी मिळाली, यात हळहळण्यासारखे काही नाही.

‘शकुंतला’चे दुखणे वेगळे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची गाडी कापसासाठी बांधलेली आणि किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी जोडलेली. देशातल्या इतर रेल्वेंचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हिची मालकी खासगीच राहिली आणि चालवायची जबाबदारी भारतीय रेल्वेवर. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाची जागा १९९४ मध्ये डिझेलने घेतली. रूळ मात्र जुनेच राहिले. मालकाला गुंतवणुकीत रस नाही आणि चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करण्याचे कारण नाही, असा हा तिढा. वेग घटत गेला, लोक एसटीकडे वळले आणि अखेर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या.

मग वेल्सचा मार्ग इथे चालेल का?

जसाच्या तसा नाही. वेल्समधल्या गाड्या आज मुख्यतः पर्यटकांच्या आहेत. बार्शीच्याच, म्हणजे अडीच फुटी गेजची वेल्शपूल अँड लॅनफेअर रेल्वे १९५६ मध्ये बंद पडली आणि १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केली. पण कामावर जायला तिच्यावर आज कोणी विसंबून नाही. अचलपूरच्या माणसाला वारसा पाहायचा नाही, त्याला मूर्तिजापूरला जायचे आहे. ‘शकुंतला वाचवा’ म्हणून झालेल्या आंदोलनांतली मागणी परवडणाऱ्या प्रवासाची होती, वाफेच्या शिट्टीची नव्हे. तिथे ब्रॉडगेज आले तर ते अधिक उपयोगाचे ठरेल. एखादा छोटा टप्पा, जुनी स्थानके आणि एखादे इंजिन जपणे मात्र त्याच्या आड येत नाही. नागपूरच्या मोतीबागेत नॅरो गेज संग्रहालय २००२ पासून आहेच.

माथेरानला ही अडचण नाही, कारण तिथे प्रवास आणि पर्यटन एकच आहे. अडचण आहे ती देखभालीच्या सातत्याची. वेल्समध्ये हिवाळ्यात, गाड्या कमी असताना, स्लीपर बदलणे, गटारे उपसणे आणि उतारावरची झुडपे काढणे ही कामे ठरलेली असतात आणि त्यासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या येतात. आपल्याकडे चालत्या मार्गावर रूळ हाताळण्याचे काम रेल्वेच्या प्रशिक्षित गँगचे असते आणि ते तसेच असायला हवे. पण नाले मोकळे ठेवणे, उतारावर झाडे लावणे, जुन्या स्थानकांची नोंद ठेवणे, यांत स्थानिकांना आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सामावून घ्यायला कोणता रूळ आड येतो?

गुहागरहून जायचे असल्यास

चिपळूणहून मुंबईकडे जाणाऱ्या आणि ठाण्याला थांबणाऱ्या गाडीने ठाणे गाठायचे आणि तिथून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरायचे. पनवेलला उतरून रस्त्यानेही नेरळ गाठता येते. मिनी ट्रेनचे स्थानक नेरळ स्थानकाला लागूनच आहे. डबे मोजके असल्याने सुट्टीच्या दिवशी तिकीट मिळेलच असे नाही, तेव्हा मधला वार निवडलेला बरा. वर जायला अडीच तासांच्या आसपास लागतात. जागा मिळाली नाही तर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाऊन अमन लॉजहून शटल पकडता येते. पूर्ण मार्ग नुकताच सुरू झालेला असताना, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत गेल्यास, खिडकीतून नव्याने रचलेल्या गॅबियन भिंती आणि ताज्या खडीचे पट्टे स्पष्ट दिसतात.