पाहुण्यांची साक्ष आणि केनियाचा कौल

१ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि साऱ्या जगाचे डोळे नैरोबीकडे वळले. तीन आठवड्यांपूर्वी झालेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक न्यायालयाने रद्द ठरविली. सत्तेवर असलेल्या अध्यक्षाचा विजय न्यायालयाने रद्द करावा, असे आफ्रिका खंडात त्यापूर्वी कधी घडले नव्हते. त्या निकालाने सरकारची झोप उडाली हे खरेच. पण आणखी काही थोर मंडळींनाही त्याने अडचणीत टाकले. ही मंडळी म्हणजे देशोदेशीहून आलेले निवडणूक निरीक्षक. ज्या निवडणुकीची त्यांनी चार शब्दांत वाखाणणी केली होती, तीच न्यायालयात टिकली नाही. मग या पाहुण्यांच्या साक्षीची किंमत किती धरायची?

हा प्रश्न एकट्या केनियाचा नाही. जगात कोठे ना कोठे निवडणूक चालूच असते आणि ती संपली की वर्तमानपत्रात एक ओळ हमखास येते : आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी निवडणूक मुक्त व निर्भय वातावरणात पार पडल्याचे सांगितले. आपण ती ओळ वाचतो आणि पान उलटतो. ती कोण सांगतो, काय पाहून सांगतो आणि कोणाच्या पैशाने येऊन सांगतो, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. ती लागावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

निरीक्षक कोण आणि त्यांचा अधिकार किती?

परक्या देशाच्या निवडणुकीवर देखरेख ठेवण्याची कल्पना नवी नाही. १९५३ साली सुदानात पहिली संसदीय निवडणूक झाली, तेव्हा तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला होता. त्याचे अध्यक्षपद भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्याकडे होते. निरक्षर जनतेची निवडणूक कशी घ्यावी, हे त्या काळी जगाने भारताकडून शिकले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

मात्र सेन यांचा आयोग निवडणूक घडवून आणणारा होता. आजच्या निरीक्षकांचे काम त्याहून पुष्कळ मर्यादित आहे. यजमान देशाने बोलाविले तर ते येतात. पाहतात, लिहून घेतात आणि बोलतात. मतदान थांबविण्याचा, पेटी उघडण्याचा किंवा अधिकाऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नसतो. काही निरीक्षक मतदानाच्या कित्येक आठवडे आधी येऊन मतदारयादी, प्रचार, पैशाचा वापर आणि पोलिसांची वागणूक पाहतात. बाकीचे मतदानाच्या तोंडावर येतात, काही केंद्रांना भेटी देतात आणि आठवड्याभरात परततात.

२७ ऑक्टोबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांत या कामाच्या तत्त्वांचा जाहीरनामा आणि निरीक्षकांची आचारसंहिता मांडली गेली. बाजू घेऊ नये, कामात ढवळाढवळ करू नये, पैसा कोठून आला ते उघड सांगावे, ज्या सरकारची निवडणूक पाहायची त्याच्याकडून पैसा घेऊ नये आणि जे आढळले ते लोकांसमोर ठेवावे, असा त्याचा मथितार्थ आहे. तत्त्वे उत्तम आहेत. पण तत्त्वाची कसोटी कागदावर लागत नाही, ती प्रसंगी लागते.

केनियाची जुनी जखम

केनियातील प्रसंग समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीत मतमोजणी लांबत गेली, आकडे बदलत गेले आणि म्वाई किबाकी यांना विजयी घोषित करून त्याच संध्याकाळी घाईघाईने शपथ देण्यात आली. युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी तेव्हा मोजणीवर स्पष्ट शंका घेतली होती. तिचा उपयोग झाला नाही. देश पेटला, जमाती एकमेकांवर उठल्या, ११०० हून अधिक माणसे मारली गेली आणि लाखो बेघर झाली. कोफी अन्नान यांना मध्यस्थी करावी लागली. पुढे दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती योहान क्रीगलर यांच्या आयोगाने चौकशी केली. आकडे इतके दूषित झाले आहेत की खरा विजयी कोण हे आता सांगताच येणार नाही, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता.

ही जखम मनात ठेवून केनिया ८ ऑगस्ट २०१७ च्या मतदानाला सामोरा गेला. एका बाजूला अध्यक्ष उहुरु केन्याटा, दुसऱ्या बाजूला विरोधी नेते रैला ओडिंगा. मतदानाला जेमतेम दहा दिवस उरले असताना निवडणूक आयोगाच्या संगणक यंत्रणेचे जबाबदार अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा मृतदेह सापडला. त्यांचा खून झाला होता. निकाल ज्या यंत्रातून जायचा, ते यंत्र सांभाळणाराच मारला गेल्यावर लोकांच्या मनात काय आले असेल, ते सांगायला नको.

एका कागदाची गोष्ट

केनियात मते मतदान केंद्रावरच मोजतात. मोजणी झाली की केंद्राध्यक्ष एका अर्जावर आकडे भरतो आणि पक्षांचे प्रतिनिधी त्यावर सह्या करतात. या अर्जाला तेथे ३४-ए म्हणतात. मतदारसंघातील सगळ्या ३४-ए अर्जांची बेरीज ३४-बी वर होते आणि साऱ्या देशाची बेरीज ३४-सी वर. केंद्रे होती ४० हजारांहून अधिक, मतदारसंघ २९०. कायद्याने असे ठरले होते की आकडा आणि त्या अर्जाची प्रतिमा केंद्रावरून यंत्राद्वारे नैरोबीला जावी, म्हणजे वाटेत कोणाचा हात लागणार नाही.

प्रत्यक्षात मतदानाच्या रात्री पडद्यावर आकडे धो धो येऊ लागले, पण त्यांच्यामागचे अर्ज आले नाहीत. किराणा दुकानदाराने एकूण रक्कम मोठ्याने सांगावी आणि बिल दाखवू नये, तसा हा प्रकार झाला. विरोधकांनी बिल मागितले.

आणि नेमक्या याच वेळी, १० ऑगस्टला, म्हणजे निकाल जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, निरीक्षकांनी आपली प्राथमिक मते सांगून टाकली. कार्टर सेंटरच्या पथकाचे नेतृत्व अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी आणि सेनेगलच्या माजी पंतप्रधान अमिनाता तुरे यांच्याकडे होते, आफ्रिकी संघाच्या पथकाचे दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्याकडे आणि राष्ट्रकुलाच्या पथकाचे घानाचे माजी अध्यक्ष जॉन महामा यांच्याकडे. युरोपीय संघाचे पथक होते ते वेगळेच. मतदान शांततेने झाले, लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले, कर्मचाऱ्यांनी कष्ट घेतले, असे सर्वांनी सांगितले. ते खोटे नव्हते. हेराफेरीची चिन्हे दिसली नाहीत, असेही बोलले गेले. पराभूतांनी रस्त्यावर न उतरता न्यायालयात जावे, असा सल्ला मिळाला.

निरीक्षकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की प्रक्रिया अजून संपलेली नाही, असे त्यांनी त्याच वेळी म्हटले होते. पुढच्या दिवसांत युरोपीय संघाच्या पथकाने सगळे अर्ज लोकांसमोर ठेवा, अशी मागणीही केली. पण बातमीत मथळा राहतो, शेवटचा परिच्छेद गळून पडतो. जगभर बातमी गेली ती एवढीच की निवडणूक चांगली झाली. ११ ऑगस्टला केन्याटा ५४ टक्के मते मिळवून विजयी झाल्याचे घोषित करण्यात आले.

न्यायालयाने काय पाहिले?

ओडिंगा न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने आयोगाला आपली संगणक यंत्रणा तपासणीसाठी खुली करण्यास सांगितले. आयोगाने तो आदेश पुरता पाळला नाही. सगळ्या केंद्रांचे ३४-ए अर्ज हाती नसतानाच निकाल घोषित झाला होता, हे उघड झाले. काही अर्जांवर सुरक्षिततेच्या खुणा नव्हत्या. चार विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने म्हटले की ही निवडणूक राज्यघटनेप्रमाणे झालेली नाही. साठ दिवसांत पुन्हा घ्या.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती सोयीची नसली तरी महत्त्वाची आहे. केनियातील स्थानिक निरीक्षकांच्या एका गटाने निवडक केंद्रांवरचे आकडे गोळा करून स्वतंत्र अंदाज काढला होता आणि तो आयोगाच्या आकड्यांशी जुळत होता. म्हणजे केन्याटा हरले होते, असे न्यायालयाने म्हटले नाही. न्यायालयाचे म्हणणे होते की निवडणूक ही केवळ शेवटची बेरीज नव्हे. ती बेरीज कोणत्या वाटेने आली, हेही दाखवावे लागते. गणिताचे उत्तर बरोबर आले तरी रीत लिहिली नसेल तर आपल्या शाळेतले मास्तर गुण कापत असत. येथे तर साऱ्या देशाच्या सत्तेचा प्रश्न होता.

निरीक्षक चुकले ते येथे. मतदानाचा दिवस त्यांनी पाहिला, पण मताचा मतदानानंतरचा प्रवास पाहून होण्याआधीच ते बोलले. रांग डोळ्यांना दिसते. केंद्रावरचा कागद नैरोबीला पोहोचेपर्यंत त्याचे काय झाले, ते दिसत नाही. आणि २००७ चा रक्तपात पुन्हा नको, या भीतीने शांततेला निर्भेळपणा समजण्याची घाई झाली असावी, असे आम्हाला वाटते.

फेरनिवडणुकीची कथा दुःखद आहे. आयोग सुधारला नाही म्हणून ओडिंगांनी बहिष्कार टाकला. आयोगाच्या एक सदस्या जिवाच्या भीतीने देश सोडून गेल्या. २६ ऑक्टोबरला केन्याटांना ९८ टक्के मते मिळाली, पण मतदार आले ते ४० टक्क्यांहूनही कमी.

सगळेच पाहुणे सारखे नसतात

केनियात घाई झाली. अन्यत्र याहून वाईट घडले आहे. २००४ साली युक्रेनमध्ये नोव्हेंबरच्या मतदानानंतर युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांनी निवडणूक सदोष म्हटली, तर रशियाच्या पुढाकाराखालील राष्ट्रसमूहाच्या निरीक्षकांनी तीच वैध म्हटली. देश एक, दिवस एक आणि साक्षी दोन! अखेर तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले.

२००२ च्या झिम्बाब्वेची हकीकत तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत निरीक्षक पथकाने रॉबर्ट मुगाबे यांचा विजय वैध ठरविला. त्याच वेळी अध्यक्ष म्बेकी यांनी सिसी खांपेपे आणि डिकगांग मोसेनेके या आपल्या दोन न्यायमूर्तींनाही तेथे पाठविले होते. निवडणूक मुक्त व न्याय्य म्हणता येणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. तो अहवाल सरकारने बारा वर्षे दडवून ठेवला. एका वृत्तपत्राने न्यायालयात चिकाटीने झगडून तो २०१४ मध्ये बाहेर काढला. पाहिले खरे, लिहिलेही खरे; पण ते लोकांना दाखविले नाही, तर त्या सत्याचा उपयोग काय?

साक्ष पारखायची कशी?

म्हणून निरीक्षक नकोतच, असे आम्ही म्हणणार नाही. परका डोळा समोर असला की गुंडाचा हात थबकतो, भेदरलेल्या मतदाराला धीर येतो, हा पुष्कळ देशांचा अनुभव आहे. प्रश्न साक्ष पारखण्याचा आहे. वाचकांनी चार गोष्टी विचाराव्यात. निरीक्षक किती दिवस आधी आले? त्यांनी फक्त रांगा पाहिल्या की मोजणी आणि कागदही? त्यांचा खर्च कोणी केला आणि त्यांच्या देशाचे तेथे हितसंबंध काय? आणि संपूर्ण अहवाल त्यांनी लोकांपुढे ठेवला का?

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. देशातील माणसे स्वतः काय म्हणतात? मलावी देशात मे २०१९ च्या निवडणुकीत निकालाच्या अर्जांवर व्हाइटनर लावून आकडे बदलल्याचे आढळले. परक्यांनी नव्हे, तेथल्याच न्यायाधीशांनी ३ फेब्रुवारी २०२० रोजी ती निवडणूक रद्द केली. जूनमध्ये फेरमतदान झाले, तेव्हा कोरोनाच्या साथीमुळे परदेशी निरीक्षकांची मोठी पथके नव्हती. तरीही सत्ताधारी अध्यक्ष हरले आणि शांततेने सत्तांतर झाले.

केनियाही शिकला. ९ ऑगस्ट २०२२ च्या निवडणुकीत आयोगाने केंद्राकेंद्रावरचे ३४-ए अर्ज सर्वांना पाहता येतील असे संगणकावर खुले केले. कोणीही बसावे आणि बेरीज करावी! विल्यम रुटो ५० टक्क्यांच्या किंचित वर राहून जिंकले. आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकाल नाकारला, तंटा पुन्हा न्यायालयात गेला. पण या वेळी कागद सर्वांसमोर होता आणि न्यायालयाने एकमताने निकाल कायम केला.

आपल्याकडे परदेशी निरीक्षकांची पथके निवडणूक तपासायला येत नाहीत; आयोगाच्या निमंत्रणावरून पाहुणे येतात आणि पाहून जातात. पण कागद आपल्याकडेही आहे. मतदान संपल्यावर केंद्रावर किती मते पडली, याचा हिशेब १७-सी या नमुन्यात लिहिला जातो आणि त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच्याशी जुळतो की नाही, ते पाहता येते. आमच्या वस्तीतली किती मुले मतदान प्रतिनिधी म्हणून संध्याकाळपर्यंत बसतात आणि ती प्रत हातात घेऊन उठतात? की दुपारी जेवायला गेली ती गेलीच? येत्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक वस्तीने आपल्या केंद्रासाठी दोन मुले आणि दोन मुली निवडाव्यात, त्यांना हा नमुना वाचायला शिकवावे आणि मोजणीपर्यंत ती प्रत सांभाळून ठेवायला सांगावे. हे काम पाहुण्यांवर सोडता येणार नाही.